पदकतक्ता वाचायचा कसा? देशाचं यश मोजताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिंपिक, राष्ट्रकुल किंवा आशियाई स्पर्धा आल्या की रोज रात्री पदकतक्ता बघितला जातो आणि त्यावरून देश पुढे गेला की मागे पडला याचा निकालही लागतो. तक्ता खोटं बोलत नाही, पण त्याला विचारलं नाही ते तो सांगतही नाही. त्याला काय विचारायचं, आकडेमोड कशी करायची आणि गफलत कुठे होते, ते पुढे दिलं आहे. बहुतेक उदाहरणं पॅरिस 2024 ची आहेत.

तक्त्यातला क्रमांक ठरतो कसा?

आधी सुवर्णपदकं बघतात. ती समान असली तर रौप्य, तीही समान असली तर कांस्य. तिन्ही सारखी असली तर क्रमांक विभागून. पॅरिसमध्ये अमेरिका आणि चीन यांची प्रत्येकी 40 सुवर्णं झाली. अमेरिकेची रौप्यं 44 आणि चीनची 27, म्हणून अमेरिका पहिली. शेवटच्या दिवशी महिला बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने फ्रान्सला 67-66 असं हरवलं, त्यातून ते चाळिसावं सुवर्ण आलं. एका गुणाने सामना फिरला असता, तर चीन पहिला असता.

या पद्धतीत एक सुवर्ण कितीही रौप्यपदकांपेक्षा मोठं ठरतं. पुढचे बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतात.

ही क्रमवारी अधिकृत असते का?

तक्ता सगळीकडे छापला जातो, ऑलिंपिकच्या संकेतस्थळावरही असतो. पण ऑलिंपिकच्या सनदेत स्पष्ट लिहिलं आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आणि संघांमधल्या आहेत, देशांमधल्या नव्हेत. ‘जागतिक विजेता देश’ असा किताब नाही, त्याचा चषकही नाही. सुवर्णाला पहिला मान देणं ही रूढी आहे. अमेरिकेतली बरीच वृत्तमाध्यमं वर्षानुवर्षं एकूण पदकांवरून क्रम लावत आली आहेत. 2008 मध्ये बीजिंगला चीनची सुवर्णं जास्त आणि अमेरिकेची एकूण पदकं जास्त होती, त्यामुळे दोन्ही देशांत आपापला देश पहिला दिसत होता.

भारत टोकियोत 48 वा होता, पॅरिसमध्ये 71 वा झाला. म्हणजे आपण 23 पायऱ्या घसरलो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

टोकियोत भारताची 1 सुवर्ण, 2 रौप्य, 4 कांस्य अशी 7 पदकं होती. पॅरिसमध्ये 1 रौप्य आणि 5 कांस्य, एकूण 6. फरक एका पदकाचा. टोकियोत सगळ्या देशांना मिळून 1,080 पदकं वाटली गेली, पॅरिसमध्ये 1,044. भारताचा वाटा 0.65 टक्क्यावरून 0.57 टक्क्यावर आला. ही घट खरी आहे, पण अगदी बारीक आहे. 23 स्थानांची उडी आली ती सुवर्णाचा रकाना रिकामा राहिल्यामुळे.

आता भालाफेकीची अंतिम फेरी जवळून बघा. टोकियोत नीरज चोप्राने 87.58 मीटर भाला फेकला आणि सुवर्ण जिंकलं. पॅरिसमध्ये त्याने 89.45 मीटर फेकला. म्हणजे 1.87 मीटर जास्त. पण पाकिस्तानच्या अर्शद नदीमने 92.97 मीटरचा ऑलिंपिक विक्रम केला आणि नीरजला रौप्य मिळालं. आपला खेळाडू आधीपेक्षा चांगला खेळला आणि तक्त्यात देश खाली गेला. नदीमच्या त्या एका पदकावर पाकिस्तान 62 वा आला, सहा पदकांचा भारत 71 वा. एकच सुवर्ण जिंकणारा डॉमिनिका हा छोटा देशही भारताच्या वर होता.

म्हणून ‘घसरलो का?’ हे विचारायचं असेल तर क्रमांकाकडे जाऊ नका. आधी एकूण पदकांतला वाटा बघा, मग अंतिम फेरी गाठणाऱ्यांची संख्या, आणि क्रमांक सगळ्यात शेवटी. तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात देश इतके दाटीवाटीने बसलेले असतात की एका सुवर्णाने वीस-पंचवीस स्थानं इकडची तिकडे होतात. वरच्या दहांत तसं होत नाही.

मग एकूण पदकं मोजावीत का?

भारतासारख्या, दहाच्या आत पदकं मिळवणाऱ्या देशासाठी एकूण संख्या जास्त भरवशाची आहे. तिच्यातही एक खोट आहे: कांस्यपदकं सुवर्णांपेक्षा जास्त वाटली जातात. पॅरिसमध्ये 329 सुवर्णं होती आणि 385 कांस्यं. मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं, कुस्ती, ज्युदो आणि तायक्वांदोतही प्रत्येक गटात दोन कांस्यं असतात. त्यामुळे लढतीच्या खेळांत ताकद असलेल्या देशांची एकूण संख्या थोडी फुगते. भारत त्यातलाच एक आहे, हे मोजताना लक्षात ठेवावं.

सुवर्ण, रौप्य, कांस्य यांना गुण द्यायचे तर किती?

3-2-1, 4-2-1 आणि 5-3-1 हे नेहमीचे पर्याय. यातला अमुकच बरोबर असं सिद्ध करता येत नाही. म्हणून एकच भार (म्हणजे गुणांचं एकच प्रमाण) निवडून त्याच्यावर अडून बसू नका. तीन-चार भार लावून बघा आणि कोणता निष्कर्ष सगळ्यांत टिकतो ते पाहा.

पॅरिसमधले तिसऱ्या ते सातव्या क्रमांकापर्यंतचे देश घेऊ. नेदरलँड्स (15-7-12) कोणत्याच भाराने वर येत नाही, म्हणून बाजूला ठेवू. उरलेले चार, सुवर्ण-रौप्य-कांस्य या क्रमाने:

जपान 20-12-13
ऑस्ट्रेलिया 18-19-16
फ्रान्स 16-26-22
ब्रिटन 14-22-29

3-2-1 लावलं की फ्रान्स 122, ब्रिटन 115, ऑस्ट्रेलिया 108, जपान 97. क्रम जवळपास उलटा झाला. 5-3-1 ने फ्रान्स 180, ब्रिटन 165, ऑस्ट्रेलिया 163, जपान 149. सुवर्णाला भरपूर झुकतं माप देऊन 10-3-1 लावलं तरी फ्रान्स 260, ऑस्ट्रेलिया 253, जपान 249, ब्रिटन 235. फ्रान्स प्रत्येक वेळी या चौघांत पुढे आहे, छापील तक्त्यात मात्र तो पाचवा आणि जपान तिसरा. ‘फ्रान्सची कामगिरी जपानपेक्षा भरीव होती’ हे विधान त्यामुळे ठामपणे करता येतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कोण पुढे हे मात्र भारावर ठरतं, तिथे निकाल देऊ नये.

स्वतः एक्सेलमध्ये तक्ता केला तर क्रम चुकतो. का?

बहुतेक जण एकाच रकान्यावर क्रम लावतात. तीन पातळ्यांवर लावा: सुवर्ण, मग रौप्य, मग कांस्य, तिन्ही उतरत्या क्रमाने. काही जण सोपं पडतं म्हणून ‘सुवर्ण गुणिले 10,000 अधिक रौप्य गुणिले 100 अधिक कांस्य’ असं सूत्र घालतात. एका स्पर्धेसाठी ते चालतं. पण आजवरच्या सगळ्या ऑलिंपिकची बेरीज करायला घेतली की रौप्य किंवा कांस्य शंभरी ओलांडतात, शंभर रौप्यं एका सुवर्णाइतकी होऊन बसतात आणि क्रम बिघडतो. तेव्हा 100 च्या जागी 10,000 आणि 10,000 च्या जागी 10,00,00,000 घ्या.

दुसरी चूक बेरजेतली. प्रत्येक स्पर्धाप्रकारात एक सुवर्ण, एक रौप्य असतंच असं धरू नका. टोकियोत पुरुषांच्या उंच उडीत बार्शिम आणि तांबेरी यांनी सुवर्ण वाटून घेतलं, तिथे रौप्य दिलंच नाही. पॅरिसमध्ये पुरुषांच्या 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पीटी आणि फिंक यांची वेळ सारखी निघाली, दोघांना रौप्य मिळालं आणि कांस्य कुणालाच नाही.

लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर?

बघावं, पण त्यावर क्रमवारी लावू नये.

पॅरिसमध्ये ग्रेनेडाला 2 कांस्यं मिळाली. त्या देशाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आतबाहेर. म्हणजे साधारण साठ हजार माणसांमागे एक पदक, जगात पहिला क्रमांक. न्यूझीलंडची 20 पदकं, लोकसंख्या सुमारे 53 लाख: दर 2 लाख 65 हजारांमागे एक. चीनचं दीड कोटीमागे एक. भारताचं जवळपास 24 कोटींमागे एक.

आता त्याच भालाफेकीच्या अंतिम फेरीकडे परत जाऊ. ग्रेनेडाच्या अँडरसन पीटर्सने 88.54 मीटरवर कांस्य घेतलं. चेक प्रजासत्ताकाचा याकुब वादलेख 88.50 वर चौथा. अंतर 4 सेंटिमीटर. ती चार सेंटिमीटर उलटी पडली असती तर ग्रेनेडाचा आकडा थेट निम्मा झाला असता आणि एक सुवर्ण मिळवणारा, सत्तर हजारांच्या आसपास वस्तीचा डॉमिनिका पहिला आला असता. वितभर अंतराने जगातला पहिला क्रमांक बदलत असेल, तर त्या मापाला क्रमवारी म्हणणं बरोबर नाही. शिवाय एकही पदक न मिळालेले कितीतरी छोटे देश या यादीत दिसतच नाहीत. ज्याचं नशीब उघडलं तेवढाच वर दिसतो.

मोठ्या देशांवर उलट अन्याय होतो, कारण प्रवेशालाच मर्यादा असते. ॲथलेटिक्सच्या वैयक्तिक प्रकारात एका देशाचे जास्तीत जास्त तीन, पोहण्यात दोन, बॅडमिंटन एकेरीत दोन. 2008 मध्ये टेबल टेनिस एकेरीची पुरुष आणि महिला गटांतली सहाही पदकं चीनने नेली, त्यानंतर 2012 पासून तिथेही एकेरीत दोघांचीच मर्यादा आली. लोकसंख्या दुप्पट झाली म्हणून पदकं दुप्पट होण्याची वाटच नाही.

हे सगळं मान्य करूनही 24 कोटींमागे एक पदक हा आकडा झटकून टाकता येत नाही. प्रवेशमर्यादेचं कारण चीनलाही लागू आहे आणि तरी चीनची पदकं 91 आहेत.

हॉकीचं पदक एवढ्या खेळाडूंचं, तरी एकच कसं मोजतात?

पदकतक्त्यात स्पर्धाप्रकार मोजला जातो, गळ्यात पडलेली पदकं नाहीत. इथे खेळाची निवडच देशाचं माप ठरवते. पॅरिसमध्ये ॲथलेटिक्सचे 48 आणि तलावातल्या पोहण्याचे 35 प्रकार होते. दोन्ही मिळून 83, म्हणजे 329 पैकी चौथा हिस्सा. कुस्तीत 18, नेमबाजीत 15, बॅडमिंटनमध्ये 5, तिरंदाजीत 5 आणि हॉकीत फक्त 2. फ्रान्सच्या लेओं मार्शां या जलतरणपटूने एकट्याने चार वैयक्तिक सुवर्णं जिंकली. जगातला सर्वोत्तम पुरुष हॉकी संघ कितीही चांगला खेळला तरी त्याच्या वाट्याला एका ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण येतं.

म्हणून देशाच्या पदकांपुढे तो ज्या खेळांत ताकदीने उतरतो त्यांतल्या प्रकारांची संख्या लिहा. पॅरिसमधल्या भारताच्या सहा पदकांपैकी तीन नेमबाजीतली होती. पोहण्याच्या 35 प्रकारांत आपण पदकाच्या जवळपासही नव्हतो. हे बघितलं की कमतरता नेमकी कुठे आहे ते दिसतं.

चौथ्या क्रमांकाला काही किंमत द्यावी का?

द्यावीच. पॅरिसमध्ये भारतीय सहा वेळा चौथे आले: 25 मीटर पिस्तुलात मनू भाकर, 10 मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बबुता, बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेन, वेटलिफ्टिंगमध्ये मीराबाई चानू, तिरंदाजीची मिश्र जोडी आणि स्कीटची (उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीची) मिश्र जोडी. मीराबाईने एकूण 199 किलो उचललं, कांस्य गेलं 200 किलोवर. स्कीटची जोडी कांस्याच्या लढतीत 43-44 अशी हरली. विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली होती, म्हणजे किमान रौप्य नक्की होतं. दुसऱ्या दिवशीच्या वजनात 100 ग्रॅम जास्त भरले, ती अपात्र ठरली आणि नियमाप्रमाणे गटात शेवटची धरली गेली. तक्त्यात या सगळ्यांची नोंद शून्य.

जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पदकतक्त्याबरोबर स्थानांचाही तक्ता करतात: पहिल्याला 8 गुण, दुसऱ्याला 7, असं आठव्याला 1. हीच रीत कुठल्याही देशाला लावता येते. एका पदकाचा देश दैवयोगाने वर आला आहे की त्याच्यामागे फळी आहे, ते यातून कळतं. काम किचकट आहे, प्रत्येक खेळाची निकालपत्रं उघडावी लागतात, पण पुढच्या चार वर्षांचा अंदाज सुवर्णांपेक्षा यातून चांगला येतो. फक्त ‘चौथे सहा, म्हणजे बारा पदकं आलीच असती’ असा हिशेब करू नका. काठावर जिंकलेली पदकंही तितकीच असतात, ती काठावर गेलेल्यांशी ताडून बघावी लागतात.

दोन वेगवेगळ्या वर्षांची तुलना करण्याची बरोबर पद्धत कोणती?

दोन्ही वेळी होते तेवढेच खेळ ठेवायचे, बाकीचे वजा करायचे. राष्ट्रकुल स्पर्धांचं उदाहरण करून दाखवतो.

2018 ला गोल्ड कोस्टमध्ये भारताची 66 पदकं होती, त्यांत 26 सुवर्णं. 2022 ला बर्मिंगहॅममध्ये 61, त्यांत 22 सुवर्णं. वरवर पाहता घट. पण बर्मिंगहॅममध्ये नेमबाजी नव्हतीच, आणि गोल्ड कोस्टला नेमबाजीतून 7 सुवर्णांसह 16 पदकं आली होती. त्यांतलं एक सुवर्ण आणि एक रौप्य कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं. ती 16 काढली की 2018 चा आकडा 50 पदकं, 19 सुवर्णं.

आता दुसरी बाजू, जी बरेच जण विसरतात. 2022 मध्ये ज्युदो आणि महिला क्रिकेट होतं, 2018 मध्ये नव्हतं. ज्युदोत 3 आणि क्रिकेटमध्ये 1, अशी 4 पदकं वजा केली तर 57 उरतात. त्या चारांत सुवर्ण नव्हतं, म्हणून सुवर्णं 22 च. समान खेळांत 50 वरून 57 आणि 19 वरून 22. घट दिसत होती तिथे वाढ निघाली. खेळाच्या आतले प्रकार आणि वजनगटही थोडे बदलतात, त्यामुळे एक-दोन पदकांच्या फरकावर जोर देऊ नये. सात पदकांचा फरक बोलण्याजोगा आहे.

कोण आलंच नव्हतं, हे बघावं लागतं का?

हो. 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकेने 83 सुवर्णं जिंकली, कारण सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी आलेच नव्हते. टोकियोत रशियन खेळाडूंच्या पथकाची 71 पदकं होती. पॅरिसमध्ये तिथले मोजकेच खेळाडू तटस्थ म्हणून आले. ती जवळपास सगळी पदकं इतर देशांत वाटली गेली, तेव्हा पॅरिसमध्ये एखाद्या देशाची तीन-चार पदकं वाढली असतील तर ती कोणत्या प्रकारांत वाढली ते आधी तपासा.

यजमान देशाचं यश किती खरं मानायचं?

पुढच्या दोन स्पर्धा होईपर्यंत मत राखून ठेवावं. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारत 38 सुवर्णं आणि 101 पदकांसह दुसरा आला. चार वर्षांनी ग्लासगोत 15 सुवर्णं, 64 पदकं, पाचवा क्रमांक. घरचं मैदान, मोठं पथक आणि सोयीच्या खेळांचा समावेश यांचा परिणाम संपला की असं होतं. ब्रिटनचं वेगळं आहे. 1996 ला अटलांटात त्यांचं एकच सुवर्ण होतं आणि क्रमांक 36 वा. पुढच्या वर्षीपासून लॉटरीचा पैसा निवडक खेळांना नेमाने मिळू लागला. 2012 ला घरच्या मैदानावर 29 सुवर्णं आली आणि 2016 ला रिओमध्ये 27 सुवर्णं, 67 पदकांसह ते दुसरे आले. यजमानपद संपल्यावरही टिकलं, ते खरं. याउलट कॅनडाला 1976 मध्ये माँट्रियलला यजमान असून एकही सुवर्ण मिळालं नव्हतं.

जुने आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे का दिसतात?

उत्तेजक द्रव्यांच्या फेरतपासणीमुळे पदकं वर्षांनंतरही काढून घेतली जातात आणि खालच्यांना दिली जातात. 2008 साठी चीनची 51 सुवर्णंही लिहिलेली सापडतात आणि 48 ही, कारण तीन महिला वेटलिफ्टरांची सुवर्णं 2017 मध्ये गेली. जमैकाने त्याच स्पर्धेतलं 4 बाय 100 मीटर रिलेचं सुवर्ण असंच गमावलं, उसेन बोल्टची नऊ सुवर्णं आठ झाली. तक्ता वापरताना तो समारोपाच्या दिवशीचा आहे की सुधारलेला, हे शेजारी लिहून ठेवा आणि एका तुलनेत दोन्ही मिसळू नका.

पॅरालिंपिकमध्ये भारत 18 वा आला. मग ऑलिंपिकपेक्षा तिथे आपण पुढे आहोत?

पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 7 सुवर्णं, 9 रौप्यं, 13 कांस्यं अशी 29 पदकं मिळाली, त्यात गोळाफेकीतलं सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीचं रौप्य होतं. टोकियोतल्या 19 वरून ही झेप आहे आणि ती मनापासून कौतुकाची आहे. पण ऑलिंपिकशी आकडा लावून बघू नये. तिथे अपंगत्वाच्या वर्गांप्रमाणे 549 प्रकार होते. पॅरालिंपिकची तुलना आधीच्या पॅरालिंपिकशीच करा.

राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र कितवा, हे बघतानाही हेच नियम लागतात का?

लागतात, आणि एक जास्तीचा. गोव्यात 2023 ला महाराष्ट्र 80 सुवर्णं आणि 228 पदकांसह पहिला आला, तिथे वादच नव्हता. उत्तराखंडात 2025 ला सेनादल 68 सुवर्णांवर पहिलं आणि महाराष्ट्र 54 सुवर्णांवर दुसरा, पण महाराष्ट्राची एकूण पदकं दोनशेच्या घरात, सेनादलाची 121. जास्तीचा नियम असा की सेनादल हे राज्य नाही. त्यात देशभरातून भरती झालेले खेळाडू असतात, महाराष्ट्रातलेही. राज्यात खेळाडू किती घडतात हे मोजायचं तर खेळाडूचं गाव आणि प्रशिक्षणाची जागा वेगळ्या रकान्यात नोंदवावी लागते.

गावावरून मोजलं तर आणखी एक गोष्ट दिसते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य जिंकलं. त्यानंतर ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक महाराष्ट्रात आलं ते 2024 मध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं, 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांवर. मध्ये 72 वर्षं गेली. राष्ट्रीय स्पर्धेतली दोनशे पदकं आणि ही 72 वर्षं शेजारी शेजारी ठेवूनच राज्याबद्दल बोलायला हवं.

2028 साठी आत्तापासून काय नोंदवून ठेवावं?

लॉस एंजेलिसमध्ये 351 प्रकार असतील, पॅरिसपेक्षा 22 जास्त. पुरुष आणि महिला क्रिकेट, स्क्वॉश आणि कंपाउंड तिरंदाजीची मिश्र जोडी हे नवे आहेत आणि या सगळ्यांत भारताला संधी आहे. या प्रकारांतली पदकं वेगळ्या रकान्यात ठेवा. पॅरिसशी तुलना करताना आधी ती वजा करा, मग उरलेल्यांतला वाटा काढा आणि सहा चौथ्या क्रमांकांपैकी किती जागी आता पदक आलं ते खेळाप्रमाणे तपासा. भालाफेकीच्या ओळीत मात्र पदकाच्या रंगाबरोबर मीटरही लिहा.